रिकामी टाकी रिकामी नसते

कोकणात असो वा घाटावर, मोहल्ल्यातल्या चार घरांत डोकावले तर एखाद्या पडवीत, जिन्याखाली किंवा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी स्कूटर उभी दिसते. अंगावर फाटकी चादर, चाकांत हवा नाही, आणि सीटवर मांजर. बहुतेक वेळा ती बजाज चेतक असते. कुणाचे अब्बा तिच्यावरून शाळेत शिकवायला जात, कुणाच्या चाचांनी तिच्यावर कापडाचे गठ्ठे वाहिले. घरातला कमावता मुलगा दुबईला, कुवेतला किंवा मस्कतला गेला आणि स्कूटर उभी राहिली ती राहिलीच.

मग एक दिवस दोनपैकी एक गोष्ट होते. भंगारवाला येऊन वजनाच्या भावात तिला घेऊन जातो, किंवा घरातल्या तरुण पोराच्या मनात येते की ही चालू करून पाहू. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या घरांसाठी आहे. अशी गाडी पुन्हा चालती करता येते आणि त्यासाठी फार मोठा खर्चही लागतो असे नाही. पण कामाची सुरुवात रंगापासून किंवा इंजिनापासून करायची नसते. ती पेट्रोलच्या टाकीपासून आणि टाकीतून निघणाऱ्या नळीपासून करायची. गाडी चालणार की नाही हे तिथे ठरते. घरात कुणाला इजा होणार की नाही, तेही तिथेच ठरते.

चेतकची रचना

बजाज कंपनी आधी इटलीच्या पियाज्जियो कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवत असे. तो करार १९७१ साली संपला आणि १९७२ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीतून चेतक बाहेर पडू लागली. नाव महाराणा प्रतापांच्या घोड्याचे. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिलेली माणसे अजून आपल्या घरांत आहेत. २००५-०६ च्या सुमारास ही पेट्रोलवरची चेतक बंद झाली. २०२० साली त्याच नावाची विजेवरची स्कूटर आली, पण त्या दोघींत नावाखेरीज फारसे साम्य नाही.

जुन्या चेतकमध्ये पेट्रोल ओढायला पंप नसतो. टाकी सीटखाली, म्हणजे इंजिनाच्या वर बसवलेली असते. पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरते. टाकीच्या तळाला एक कॉक, त्याला चालू, बंद आणि रिझर्व्ह असे तीन घर, कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंत वीतभर रबरी नळी, आणि कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक बारीक जाळी. सगळा मार्ग एवढाच. म्हणूनच घरच्या घरी शिकण्यासाठी ही गाडी चांगली. आमच्या घरची चेतक १९८८ सालची, अब्बांची. गेल्या हिवाळ्यात आम्ही भावंडांनी मोहल्ल्यातल्या एका वयस्कर उस्तादांच्या देखरेखीखाली तिची टाकी आणि नळी नव्यासारखी करून घेतली. तेव्हा जे शिकलो ते क्रमाने सांगत आहोत.

टाकी आतून का सडते

टाकीचे झाकण अगदी हवाबंद नसते. पेट्रोल खाली उतरेल तशी त्या जागी हवा आत यायला हवी, म्हणून झाकणाला बारीक छिद्र ठेवलेले असते. गाडी उभी असतानाही टाकी श्वास घेत राहते. दिवसा तापली की आतली हवा बाहेर जाते, रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत येते. कोकणातल्या पावसाळ्यात त्या हवेबरोबर पाणीही आत जाते. ते आतल्या पत्र्यावर थेंब धरून साचते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसते, आणि गंज सुरू होतो तो नेमका कॉकच्या आसपास आणि तळाच्या जोडावर. टाकी जितकी रिकामी, तितका हवेला वाव जास्त आणि गंजही जास्त.

यात इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्क्यांपासून सुरुवात झाली. २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्येच मिसळलेले राहते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात. तो थर पत्र्याला खातो. शिवाय जुन्या काळची रबरी नळी आणि कॉकचे वॉशर इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. १९८८ साली बनलेल्या रबराने हे पेट्रोल कधी पाहिलेलेच नव्हते.

चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावे लागते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीतले पेट्रोल उडून जाते आणि ऑइल चिकट होऊन मागे राहते. टाकी उघडल्यावर पेट्रोलऐवजी जुन्या वार्निशसारखा आंबूस वास आला तर समजावे, आत हेच झाले आहे.

उस्तादांनी नाही म्हटलेले काम

आमच्या टाकीच्या तळाला सुईच्या टोकाएवढी दोन भोके पडली होती. एका वेल्डिंगवाल्याने पाहिले आणि म्हणाला, "टाकी रिकामीच आहे ना? दहा मिनिटांचे काम." आम्ही उस्तादांना विचारले, "उस्ताद, तुम्ही सांगाल तसे करू." त्यांनी टाकी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "बेटा, भरलेल्या टाकीला मी एवढा भीत नाही. रिकामीला भितो."

ऐकायला उलटे वाटते, पण त्यामागचे शास्त्र सरळ आहे. जळते ते पातळ पेट्रोल नव्हे, त्याची वाफ. आणि पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही ठिणगीने पेट घेण्याइतकी तयार होते, मग आपल्याकडच्या उन्हाची काय कथा. हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की मिश्रण स्फोटक बनते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र हवा भरपूर आणि वाफही. स्कूटरच्या छोट्या टाकीला स्फोटक करायला अर्ध्या चमच्याहूनही कमी पेट्रोल पुरते, आणि तेवढे तर पत्र्याच्या जोडात कायम लपलेले असते. साबणाच्या पाण्याने दोनदा धुतली, वास येईनासा झाला, तरी वेल्डिंगच्या आचेने जोडातले पेट्रोल पुन्हा वाफ होऊन बाहेर येते.

उस्तादांच्या उमेदवारीच्या काळात शेजारच्या गाळ्यात हेच घडले होते. वेल्डिंग करणारा वाचला. टाकी धरून बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोराचा एक डोळा गेला. उस्ताद त्या पोराचे नाव घेत नाहीत, पण तेव्हापासून ते टाकीला आच लावू देत नाहीत.

भोक बुजवायचे असेल तर टाकी नीट निर्धोक करून कथिलाची झाळ देणारे जुने कारागीर रेडिएटरच्या दुकानांत अजून सापडतात. ते काम त्यांचेच. घरी किंवा रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे ते कधीही करायचे नाही. पत्रा बोटाने दाबल्यावर दबत असेल तर झाळही टिकणार नाही. अशा वेळी दुसरी टाकी शोधणे शहाणपणाचे. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला किंवा चोर बाजारात जुन्या गाड्यांचे भाग मिळतात. आम्हाला दोन आठवडे लागले, पण चांगल्या पत्र्याची जुनी टाकी मिळाली. आतून गंज तिलाही होता, पण भोक नव्हते. पुढची सगळी मेहनत तिच्यावर केली.

काम कसे करावे

पहिली अट जागेची. हे काम उघड्या अंगणात करायचे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत जाते आणि पंधरा-वीस पावलांवरच्या चुलीपर्यंतही पोचू शकते. म्हणून जवळ गॅसची शेगडी, विडी, डासांची कॉइल, लोबानचे धूपपात्र यांपैकी काहीही पेटलेले नको. लहान मुले घरात, आणि मदतीला एक मोठे माणूस जवळ. कोरड्या वाळूची बादली हाताशी ठेवावी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी टाकले तर पेट्रोल पाण्यावर तरंगून आग आणखी पसरते.

उरलेले पेट्रोल पत्र्याच्या झाकणबंद डब्यात काढावे. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायची सवय अनेकांना आहे, ती सोडून द्यावी. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. आणि काढलेले पेट्रोल पाण्याच्या किंवा शरबतच्या बाटलीत चुकूनही ठेवू नये. मुलाने ते प्यायले तर उलटी करवू नका. उलटी होताना तेच पेट्रोल श्वासनलिकेत उतरते. तोंड पुसा, १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. कुजलेले पेट्रोल मोरीत किंवा गटारात ओतू नये. गॅरेजमध्ये जळके ऑइल गोळा करतात, तिथे द्यावे.

यानंतर टाकी उतरवायची. सीट काढली, कार्ब्युरेटरकडची नळी सोडवली, कॉकची दांडी मोकळी केली आणि बोल्ट काढले की टाकी वर उचलली जाते. कॉकचा नट मात्र टाकीच्या आतल्या बाजूला, तळाशी असतो. तो पेट्रोल भरायच्या तोंडातून लांब बॉक्स पाना घालून फिरवावा लागतो. साध्या पान्याने बाहेरून जोर लावून कॉक पिळू नये, पत्रा फाटतो. हा पाना स्कूटरच्या जुन्या मेकॅनिककडे असतो. एका दिवसासाठी मागून आणावा.

आता धुणे. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून टाकी चार-पाच वेळा खळखळून धुवावी, म्हणजे ऑइलचा चिकटा निघतो. चिकटा राहिला तर पुढचे आम्ल गंजापर्यंत पोचतच नाही. मग मूठभर लोखंडी नट आत टाकून, थोडे पाणी घालून टाकी सगळ्या बाजूंनी हलवावी. सैल पापुद्रे सुटून येतात. नट मोजून टाकावेत आणि मोजून काढावेत. आम्ही चाळीस टाकले होते. अडतीस लवकर निघाले, उरलेल्या दोघांसाठी दोरीला लोहचुंबक बांधून अर्धा तास गेला.

पत्र्याला धरून बसलेला गंज आम्लाने निघतो. त्यासाठी गॅरेजमध्ये संडास साफ करायचे ॲसिड वापरतात. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते, त्याची वाफ छातीत जाते, आणि धुतल्यावर तासाभरात टाकी पुन्हा तांबूस होते. त्यापेक्षा स्वयंपाकघरातले लिंबाचे फूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, बरे. एक लिटर कोमट पाण्याला साधारण ७० ते १०० ग्रॅम या प्रमाणात द्रावण करून टाकी अगदी काठापर्यंत भरावी. अर्धवट भरली तर वरच्या पत्र्याचा गंज तसाच राहतो. कॉकच्या भोकाला रबरी बूच लावावे. वरचे तोंड मात्र घट्ट बंद करू नये, कारण आम्ल आणि लोखंड यांतून वायू निघतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. सिरक्यानेही हे काम होते, पण वेळ जास्त लागतो. सहा-सात तासांनी एकदा पाहावे आणि पत्रा राखाडी दिसू लागला की थांबावे. जास्त वेळ ठेवून पत्रा आणखी स्वच्छ होत नाही, पातळ होतो.

द्रावण काढल्यावर खाण्याच्या सोड्याचे पाणी आत फिरवून उरलेले आम्ल मारावे आणि साध्या पाण्याने धुवावे. याच वेळी गळतीही तपासता येते. टाकी पाण्याने भरावी, बाहेरून कोरडी पुसावी, तळाच्या जोडावर खडूची पूड चोळून तासभर ठेवावी. बारीक भोक असले तर पांढऱ्या पुडीवर ओला ठिपका उमटतो.

त्यानंतर उशीर करायचा नाही. उघडा पडलेला पत्रा ओला राहिला तर त्याच दिवशी पुन्हा गंजू लागतो. टाकी कडक उन्हात उलटसुलट करून वाळवावी. घाईने केस वाळवायचे यंत्र किंवा विजेचा हीटर आणू नये. पूर्ण कोरडी झाली की थोडे टू-टी ऑइल आत घालून सगळीकडे फिरवावे. नव्या पेट्रोलबरोबर ते इंजिनात जाते आणि त्रास देत नाही. आतून लावायचे तयार लेपही बाजारात मिळतात. पण गंज किंवा ऑइल जरा जरी राहिले तर तो लेप पापुद्रा होऊन सुटतो आणि कॉक बुजवतो. टाकी आतून शाबूत असेल तर लेप न लावलेला बरा.

नळी, कॉक आणि जाळी

स्वच्छ टाकीला जुनी नळी जोडणे म्हणजे नवी विहीर खोदून गळकी घागर लावणे. नळी, कॉकचे वॉशर आणि क्लिपा तिन्ही नव्या घ्याव्यात. नळी घेताना इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालणारी हवी असे दुकानात स्पष्ट सांगावे. पारदर्शक प्लास्टिकची साधी नळी स्वस्त पडते, पण काही महिन्यांत पिवळी आणि कडक होऊन टोकाशी तडकते, आणि तिच्या खालीच इंजिन तापलेले असते.

नळीची लांबी नेमकी हवी. लांब असली तर मध्ये कमान होते, तिथे हवा अडकते आणि गाडी चालता चालता बंद पडते. आखूड असली तर टाकी बसवताना मुडपते. कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंत ती सतत उतरती राहिली पाहिजे. बसवण्याआधी नळीचे मोकळे टोक डब्यात धरून कॉक उघडावा. धार सलग पडली पाहिजे. थांबून थांबून पडत असेल तर आधी झाकणाचे छिद्र बुजले आहे का ते पाहावे. कित्येकदा तेवढेच कारण असते.

शेवटी कार्ब्युरेटरची जाळी आणि जेट पेट्रोलने धुऊन फुंकून घ्यावेत. जेटमध्ये तार घालू नये. त्याचे भोक मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते. पहिल्यांदा किक मारायची तीही अंगणातच, वाळूची बादली जवळ ठेवून. आमची गाडी नवव्या किकला चालू झाली. धुराने सगळे अंगण भरले आणि अम्मी ओढणीने नाक धरून हसत राहिल्या.

जीप आणि जुन्या मोटारी

घरात जुनी जीप किंवा फियाट असेल तर एक फरक लक्षात ठेवावा. तिथे इंजिनावरचा पंप पेट्रोल ओढून घेतो आणि टाकीपासून पंपापर्यंत लांब लोखंडी नळी चासीच्या कडेने जाते. जिथे नळी क्लिपेत धरलेली असते तिथे चिखल साचतो आणि तिथूनच ती सडते. अशा नळीला भोक पडले तरी इंजिन चालू असताना पेट्रोल गळताना दिसत नाही. पंप त्या भोकातून हवा ओढतो आणि गाडी चढावर दम टाकते. माणसे पंप बदलत बसतात, दोष नळीत असतो. नळी बदलताना तांब्याची घालू नये. सततच्या थरथरीने तांबे कडक होऊन तडकते. पोलादी नळीच हवी.

पुढे काय

कागदांकडेही लक्ष असू द्यावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. नोंदणी संपलेली गाडी अंगणात दुरुस्त करायला हरकत नाही, रस्त्यावर नेता येत नाही. अब्बांच्या नावावरची गाडी वारसाच्या नावावर करून घेणेही याच फेरीत उरकावे.

गाडी रोज वापरायची नसेल तर पावसाळ्याआधी एक निर्णय घ्यावा. एक तर टाकी जवळजवळ भरून ठेवावी आणि पंधरा दिवसांनी एकदा गाडी फिरवून आणावी, नाही तर पेट्रोल पूर्ण काढून आतून ऑइलचा हात द्यावा. थोडेसे पेट्रोल तळाला ठेवून चार महिने विसरणे, यानेच बहुतेक टाक्या जातात. गाडी उभी केली की कॉक बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लागावी.

आणि एक मागणे. आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी मुले उस्तादांच्या हाताखाली गॅरेजचे काम शिकतात. दिवसभर त्यांचे हात पेट्रोलमध्ये असतात. संध्याकाळी हात धुतात तेही पेट्रोलने. पेट्रोलमध्ये बेंझीन असते आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. आपली गाडी दुरुस्तीला टाकू तेव्हा त्या पोराला साबणाची एक वडी आणि हातमोजे नेऊन द्यावेत. आणि कुणी म्हणाले, "पोरा, टाकी धर, मी वेल्डिंग मारतो," तर गिऱ्हाईक म्हणून आपणच पुढे होऊन नको म्हणावे. काम राहिले तर राहू द्यावे. दुसरी टाकी मिळते.